शाळेसमोरचा रस्ता टाकाऊ प्लास्टिकचा कसा करून घ्यायचा

पहिली गोष्ट आधीच सांगून टाकते. मुलांच्या तब्येतीला खरा फायदा सुरू होतो तो शाळेच्या आजूबाजूला प्लास्टिक जळायचं बंद होतं त्या दिवसापासून, रस्ता त्याच्या नंतर येतो. टाकाऊ प्लास्टिक डांबरी रस्त्याच्या मालात मिसळता येतं, म्हणजे रस्ता ही त्या प्लास्टिकला लागलेली हक्काची जागा. हे डोक्यात पक्कं असलं की कुठल्या कामाला आधी हात घालायचा ते आपोआप कळतं, नाहीतर लोक काय करतात, सरळ नगरसेवकाकडे जातात, आम्हाला प्लास्टिकचा रस्ता पाहिजे म्हणतात, फोटो काढतात आणि इकडे शाळेच्या भिंतीला लागून कचऱ्याचा ढीग धुमसतच असतो.

आपल्या नाशिकची थंडी सगळ्यांना माहितीये. डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या सत्राची मुलं सातच्या आत गेटवर, आणि नेमकं तेव्हाच वॉचमन, बांधकामावरचे मजूर, टपरीवाले शेकोटी पेटवून बसलेले असतात. शेकोटीत लाकूड थोडं आणि पिशव्या, पुठ्ठा, तुटक्या बादल्या, टायरचे तुकडे जास्त. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, ती वर जात नाही, त्यामुळे धूर पण खालीच पसरतो, बरोबर पहिली-दुसरीच्या पोराच्या नाकाच्या उंचीला. प्लास्टिक असं कमी आचेवर धुमसत जळलं की बारीक काजळी, कार्बन मोनॉक्साइड, स्टायरीन निघतं आणि पीव्हीसीसारखं क्लोरीनवालं प्लास्टिक त्यात असलं तर डायॉक्सिन नावाचं विष पण. लहान मूल वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेतं आणि त्याची फुप्फुसं अजून वाढत असतात, म्हणून त्याला त्रास जास्त. वरून रस्ता उखडलेला असला की प्रत्येक रिक्षा, व्हॅन, स्कूलबसमागे धुळीचा लोट. आपलं नाशिक केंद्राच्या स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, म्हणजे हवेचं मानक न पाळणाऱ्या शहरांमध्ये आपलं नाव आहे, हे किती पालकांना माहितीये?

म्हणून पहिला आठवडा फक्त बघण्यात घालवा. शाळेच्या चारी बाजूंनी फिरा, सकाळी शाळा भरताना आणि संध्याकाळी दुकानं बंद होताना. कुठे जाळतात, कोण जाळतं, काय जाळतं ते वहीत लिहा, मोबाईलवर फोटो काढा. मग भांडायला जाऊ नका. वॉचमनदादा थंडीने कुडकुडतोय म्हणून जाळतो, त्याला सुकी लाकडं आणून द्या, प्लास्टिक वेगळं ठेवायला एक गोणी द्या, दहापैकी आठ ठिकाणी विषय तिथेच मिटतो. पानांच्या ढिगात पिशव्या घालून पेटवणारे असतील तर तिथल्या स्वच्छता निरीक्षकाला फोटोसकट अर्ज द्या. उघड्यावर कचरा जाळायला २०१६ च्या घनकचरा नियमांनी बंदी घातली, आणि त्याच वर्षी हरित लवादाने साधं जाळणं असेल तर ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर असेल तर २५,००० रुपये दंडाचा आदेश दिला, हे अर्जात लिहा म्हणजे कागद बाजूला पडत नाही.

आता प्लास्टिक गोळा करण्याचं. इथे घाई करू नका, कारण सगळं प्लास्टिक रस्त्यात चालत नाही आणि चुकीचं गेलं तर ज्या धुरापासून मुलांना वाचवायचं तोच धूर हॉटमिक्स प्लांटवरच्या, म्हणजे खडी-डांबर तापवून मिसळतात तिथल्या कामगारांच्या छातीत जाणार.

चालतं ते हे: दुधाच्या पिशव्या, साध्या कॅरीबॅग, ब्रेडची पिशवी, किराण्याच्या पॅकिंगच्या पारदर्शक पिशव्या, साड्या-कपड्यांची कव्हरं, शाम्पू-फिनेलचे डबे. म्हणजे पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन. बिस्किटं-चिप्सची आतून चकचकीत असलेली पाकिटं वेगळ्या गोणीत भरा आणि श्रेडरवाल्याला, म्हणजे मशीनवर प्लास्टिकचे बारीक तुकडे करून देणाऱ्याला विचारल्याशिवाय यात मिसळू नका. पाण्याच्या बाटल्या तर इथे आणूच नका, त्याला भंगारात चांगला भाव आहे, त्यावर कचरावेचक ताईंचं घर चालतं, तो माल त्यांचा.

अजिबात नको ते पीव्हीसी. आणि पीव्हीसी म्हटलं की लोक फक्त पाइप समजतात, पण आपल्या शहरात सगळ्यात जास्त पीव्हीसी कुठे आहे तर चौकाचौकातल्या फ्लेक्समध्ये! वाढदिवसाचे, निवडीचे, अभिनंदनाचे बॅनर सगळे त्यातले. कुणीतरी उत्साहाने 'हे घ्या ना ताई, एवढं मोठं प्लास्टिक आहे' म्हणून गठ्ठा आणून देणारच, त्यांना हात जोडून नाही म्हणा. रेक्झिन, वायरचं कव्हर, औषधाच्या गोळ्यांची पाकिटं, टेबलावरचं जाड पारदर्शक कव्हर हे पण नको. हे तापलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडतं, घशात जाऊन बसते. रस्त्यांच्या मानकात पीव्हीसीला सरळ मनाई आहे. काळं प्लास्टिक पण नको, त्यामुळे दिंडोरी-निफाडकडच्या झेडपी शाळांनी द्राक्षबागेतला काळा मल्चिंग पेपर आणि मातीने माखलेलं कव्हर यात घालू नये, मोह होतो कारण एका ट्रॉलीत सगळं वजन भरून जातं.

ओळखायचं कसं? एक बादली पाणी घ्या. तुकडा पाण्यात दाबून त्यातली हवा काढा आणि सोडा. पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन वर येतं, पीव्हीसी तळाला जातं. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक पण बुडतं पण ते आपण घेतच नाही, म्हणजे नियम सोपा झाला, बुडालं ते बाजूला. डब्यावर त्रिकोणात ३ आकडा असेल तर तो पीव्हीसीचा, तोही बाजूला. पेटवून बघायची टेस्ट काही जण सांगतात, ती करू नका, मुलांसमोर तर मुळीच नाही.

मुलांकडून काय करून घ्यायचं तेही ठरवून घ्या. मुलांनी फक्त आपल्या घरचं धुतलेलं, सुकवलेलं प्लास्टिक आणायचं, बस्स. रस्त्यावरून, नाल्यातून, नासर्डीच्या काठावरून वेचायला मुलांना पाठवायचं नाही, भले फोटो कितीही छान येवोत. तिथे सुया असतात, डायपर असतात, काचा असतात.

घरी दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, तो चिमुकला तुकडा सिंकमधून गटारात जातो आणि तिथून गोदावरीत. अर्धवट चीर द्या, दूध काढा, पिशवी उलटी करून धुवा, दोरीवर चिमट्याने लटकवा. ओली पिशवी गोणीत गेली की दोन दिवसात आंबट वास सुटतो आणि मग वर्गातल्या बाई दुसऱ्यांदा गोणी ठेवू देत नाहीत. एवढा आटापिटा का तर माल श्रेडरला देताना त्यात माती आणि घाण एक टक्क्यापेक्षा जास्त नको, आणि तिथे धुवायचा खर्च वाढला की तो माणूस माल घ्यायलाच नको म्हणतो.

हिशोब पण मांडून ठेवा, नाहीतर किती गोळा करायचं ते कुणालाच कळत नाही. एकेरी, म्हणजे पावणेचार मीटर रुंदीच्या एक किलोमीटर रस्त्याला वरच्या थरासाठी साधारण दहा टन डांबर धरतात आणि डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के प्लास्टिक घालतात, म्हणजे पाऊण टनाच्या आसपास, थर जाड असेल तर टनभर. शाळेच्या गेटपासून मेन रोडपर्यंतचा दोनशे मीटरचा तुकडा धरला तर दीडशे ते दोनशे किलो लागेल. दुधाची अर्धा लिटरची पिशवी तीन-चार ग्रॅम भरते. आठशे मुलांची शाळा, घरटी रोज दोन पिशव्या, म्हणजे दिवसाला पाच किलोच्या आसपास, त्यातलं निम्मंच आलं तरी एका सहामाहीत तुमच्या तुकड्यापुरता माल होतो. म्हणजे हे स्वप्न वगैरे नाहीये, एका शाळेला झेपणारं काम आहे.

जमलेला माल शाळेत साठवू नका. आग लागली तर? पंधरा दिवसांनी उचलून न्यायची सोय आधी करा. अंबड-सातपूर एमआयडीसीत प्लास्टिक कुटून दाणा करणारी छोटी युनिट आहेत, त्यांच्याशी बोला, नाहीतर मनपाच्या घनकचरा विभागाला लेखी विचारा की सुका कचरा कुठे देऊ. श्रेडरवाल्याला एकच सांगायचं, तुकडा २.३६ मिलिमीटरच्या चाळणीतून पडला पाहिजे, पण अगदी भुकटी पण नको. मोठे तुकडे राहिले की खडीवर नीट पसरत नाहीत, गाठी होतात.

आता एक गोष्ट अगदी हात जोडून सांगते. हे प्लास्टिक कुणीही शाळेत, सोसायटीत, मोकळ्या प्लॉटवर ड्रममध्ये वितळवायचं नाही. नेटवर व्हिडिओ असतात, वाळूत प्लास्टिक मिसळून विटा करा, फरशा करा, सायन्स प्रोजेक्ट म्हणून भारी वाटतं. पण उघड्या ड्रमला थर्मामीटर नसतो, खालचा भाग जळत असतो आणि वरचा अजून वितळायचा असतो, धूर सगळा उभ्या असलेल्या मुलांच्या तोंडावर. वितळवायचं काम फक्त हॉटमिक्स प्लांटवर, जिथे तापमान मोजलं जातं.

बरं, रस्त्यात प्लास्टिक जातं कसं ते थोडक्यात कळलं पाहिजे, कारण इंजिनिअर साहेबांपुढे बसल्यावर आपल्याला दोन शब्द बोलता आले पाहिजेत. ही पद्धत आपल्याच देशातली, मदुराईच्या त्यागराजर इंजिनिअरिंग कॉलेजमधले रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांची, त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. याला ड्राय प्रोसेस म्हणतात. खडी १६० ते १७० अंशापर्यंत तापवायची, त्यावर प्लास्टिकचे तुकडे टाकायचे, अर्ध्या-एक मिनिटात ते वितळून खडीवर बसतं आणि मग त्यात गरम डांबर. प्लांटवर हे जवळून बघायला मिळालं तर जरूर बघा, कोरडी करडी खडी बघता बघता तेल लावल्यासारखी चमकायला लागते. डोळ्याने कळतं की थर बसला. तापमान १८० च्या वर मात्र जाऊ द्यायचं नाही.

याने होतं काय, तर पावसाचं पाणी खडी आणि डांबराच्या मध्ये शिरत नाही. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये रस्ते उखडतात ते बरेचदा ह्याच कारणाने, पाणी शिरतं, डांबर खडीला सोडतं, वरून गाडी गेली की खडी निघते आणि खड्डा पडतो. खडीला आधीच प्लास्टिकचा थर असला की पाण्याला जागा राहत नाही, डांबर घट्ट धरून ठेवतं. चेन्नईची जांबुलिंगम स्ट्रीट २००२ मध्ये अशी केली होती आणि बरीच वर्षं टिकली. रस्ता फुटला नाही की धूळ कमी, डबकी कमी, डबकी कमी तर डास कमी, आणि पावसात खड्डा चुकवताना सायकलवरचं पोरगं बसच्या बाजूला कलंडायचं टळतं. माझ्या दृष्टीने हे शेवटचं सगळ्यात मोठं आहे.

आता कागदाचं काम. आधी रस्ता कुणाचा ते शोधा, यातच निम्मे लोक अडकतात. शहरात बहुतेक मनपाचा, पण सातपूर-अंबडला एमआयडीसीचा असू शकतो, मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा हायवेचा, गावाकडे ग्रामपंचायत नाहीतर जिल्हा परिषद. मनपाचा असेल तर विभागीय कार्यालयात, म्हणजे पूर्व, पश्चिम, पंचवटी, सिडको, सातपूर, नाशिक रोड यातलं जे तुमचं असेल तिथे बांधकामच्या जेईंना, म्हणजे ज्युनिअर इंजिनिअरना भेटा. आणि हे पण विचारा की हा रस्ता काँक्रीटचा प्रस्तावित आहे का, असेल तर हा सगळा विषय तिथे लागू नाही, कारण ही पद्धत डांबरी रस्त्याची आहे. सिंहस्थासाठी २०२७ च्या आधी शहरात रस्त्यांची कामं एकामागून एक निघतायत, तुमचा रस्ता त्यात आहे का हेही तिथेच कळेल.

अर्ज पालकांच्या नावाने सुटा सुटा न देता शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासोबत द्या. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, तो ठराव वजनदार कागद आहे. खासगी शाळा असेल तर पालक-शिक्षक संघाचा ठराव. अर्जात भावना कमी, मागणी नेमकी. असं काहीतरी लिहा: 'आमच्या शाळेसमोरील अमुक ते अमुक या लांबीच्या रस्त्याचे नूतनीकरण करताना आयआरसी एसपी ९८ या मार्गदर्शक सूचनांनुसार टाकाऊ प्लास्टिकचा वापर ड्राय प्रोसेसने करण्याची बाब अंदाजपत्रकात समाविष्ट करावी, तसेच काम उन्हाळी सुट्टीत पूर्ण करावे.' ही मार्गदर्शक सूचना इंडियन रोड्स काँग्रेसची, २०१३ ची, २०२० मध्ये सुधारलेली. शिवाय केंद्रीय रस्ते मंत्रालयाने २०१५ मध्येच सांगितलंय की पाच लाखांवर वस्तीच्या शहरापासून ५० किलोमीटरच्या आत हायवेच्या नूतनीकरणात टाकाऊ प्लास्टिक वापरा. नाशिकची वस्ती २०११ च्या जनगणनेतच चौदा लाखांच्या वर होती. म्हणजे हायवेला जे चालतं ते शाळेच्या गल्लीला का नाही, हा प्रश्न शांतपणे विचारायचा.

सगळा जीव त्या अंदाजपत्रकातल्या एका ओळीत आहे बरं का. एस्टिमेटमध्ये आयटम नसेल तर मक्तेदार कितीही भला माणूस असला तरी टाकणार नाही, कारण त्याला त्याचं बिल मिळणार नाही. म्हणून 'हो हो करून टाकू' या शब्दावर घरी येऊ नका. अर्जाची पोच घ्या, महिन्याने विचारा, उत्तर नसेल तर दहा रुपयांचा आरटीआय टाका आणि एस्टिमेटची प्रत मागा, तीस दिवसांत द्यावीच लागते. एका कार्यालयात आमची फाइल किती तरी दिवस एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत होती, आरटीआय गेला आणि मग सापडली. झेडपी शाळा असेल तर सरपंच आणि झेडपी बांधकामकडे जा, ३०५४ च्या हेडमधून, म्हणजे सरकारी हिशोबातल्या रस्त्यांच्या खात्यातून रस्ते दुरुस्ती होते का ते विचारा, ग्रामसभेत विषय घ्या.

वेळेचं गणित असं ठेवा. जूनमध्ये शाळा सुरू झाली की गोळा करायला सुरुवात, दिवाळीच्या आधी अर्ज, कारण मनपाचं बजेट फेब्रुवारी-मार्चमध्ये ठरतं, आणि प्रत्यक्ष काम मे महिन्यात. मे महिना दोन कारणांनी, एक तर पाऊस नाही, आणि दुसरं म्हणजे गरम डांबराचा वास आणि वाफ असते तेव्हा मुलं शाळेत नसतात. शाळा चालू असताना काम काढलंच तर निदान सुट्टीच्या दिवशी करा म्हणून लेखी द्या.

कामाच्या आधी एक फेरी पाणीपुरवठा, ड्रेनेज आणि गॅस पाइपवाल्यांकडे पण मारा. नवा रस्ता झाला आणि महिन्याभरात जेसीबीने चर खोदला तर सगळ्या पोरांची मेहनत मातीत. आणि गटार. प्लास्टिक घातलं म्हणून रस्ता अमर होत नाही, खालचा पाया कच्चा असेल किंवा पाणी जायला उतार नसेल तर कुठलाही रस्ता फुटणारच, त्यामुळे साईड गटार आणि उतार त्याच एस्टिमेटमध्ये मागा.

कामाच्या दिवशी दोन-तीन पालकांनी थांबा. बघायचं काय, जुना रस्ता झाडून धूळ काढली का, मग टॅक कोट, म्हणजे नवा थर चिकटायला डांबराचा पातळ हात मारला का, माल ताडपत्री झाकून गरम आला का, तो थंड व्हायच्या आत रोलर फिरला का. जेईंना विचारा डांबरी मालाची ताकद तपासतात त्या मार्शल टेस्टचा रिपोर्ट कुठला आणि प्लास्टिक किती किलो गेलं, तो आकडा लिहून घ्या. प्लांटवर जायला मिळालं तर तापमानाचा काटा बघा आणि तिथल्या कामगारांना मास्क, हातमोजे आहेत का तेही बघा, आपल्या मुलांसाठी काम करतायत ती माणसं.

श्रेडरचे तुकडे उघड्या ट्रॉलीतून आणायचे नाहीत, वाऱ्याने उडाले की सरळ नाल्यात. रस्ता झिजला की बारीक कण सुटतातच, टायरचे सुटतात तसेच, त्यामुळे कडेची माती पाण्याने चेंबरमध्ये ढकलण्यापेक्षा झाडून उचलायला सांगा, विशेषतः पहिल्या पावसाच्या आधी. नदी आपलीच आहे.

रस्ता झाला की काम संपत नाही, दोन गोष्टी चालू ठेवायच्या. एक, शाळेतली गोणी. पुढचा तुकडा होईपर्यंत माल घंटागाडीच्या सुक्या कचऱ्यात वेगळा द्या, पण जाळायला परत जाऊ देऊ नका, आणि पुढच्या थंडीत शेकोटीची ती सकाळची फेरी पुन्हा मारा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या समीर ॲपवर शहराची हवा बघायची सवय मुलांना लावा, पाचवी-सहावीची मुलं फळ्यावर रोजचा आकडा आवडीने लिहितात. वर्गशिक्षकांना विनंती करा की खोकला-दम्यामुळे कोण गैरहजर राहिलं ते हजेरीत वेगळ्या खुणेने मांडा, पुढच्या अर्जाला तोच सगळ्यात चांगला कागद होतो. आणि दोन, मक्तेदाराचा दोषदायित्व कालावधी किती आहे ते वर्क ऑर्डरमध्ये बघून ठेवा. त्या मुदतीत खड्डा पडला तर तो त्याने स्वतःच्या खर्चाने बुजवायचा असतो, म्हणून मुदत संपायच्या दोन महिने आधी पूर्ण तुकडा चालत बघा, फोटो तारखेसकट काढा आणि जेईंना लेखी द्या, पोच घेऊन.